शुक्रवारचे पन्नास कोटी

लासलगावचा लिलाव उरकून भाचा नाशिकरोडला मामांच्या दारात उभा राहिला तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. शर्टाला कांद्याची सालं चिकटलेली, खिशावर शेतकरी संघटनेचा जुना लाल बिल्ला. मामा इथल्या नोटांच्या छापखान्यात चाळीस वर्षं काढून २०१२ साली निवृत्त झालेले. दोघांत दर दोन-तीन महिन्यांनी एकच वाद नव्यानं होतो. मामी त्याला 'रुपयाचं कीर्तन' म्हणतात. पूर्वरंग मामांचा, उत्तररंग भाच्याचा, आरती मात्र कधीच होत नाही.

"काय भाव फुटला?" पाण्याचा तांब्या पुढे करत मामींनी विचारलं.

"फुटला म्हणजे खरंच फुटला," तो म्हणाला आणि शंभराची कोरी नोट त्यानं टीपॉयवर ठेवली. "मामा, यावर गव्हर्नरसाहेबांनी काय लिहून दिलंय?"

मामांना चष्मा लागला नाही. "मैं धारक को एक सौ रुपये अदा करने का वचन देता हूँ. खाली सही. मागच्या बाजूला पंधरा भाषा, वरून आठवी आपली."

"ही घेऊन मी फोर्टात रिझर्व्ह बँकेत गेलो, म्हटलं साहेब, वचन पाळा. काय देतील?"

"दुसरी शंभराची देतील. नाहीतर पन्नासाच्या दोन."

"म्हणजे कागदाच्या बदल्यात कागद."

"कागद नाही, कापूस असतो त्यात," मामा म्हणाले. छापखान्यातल्या माणसाला ही चूक सहन होत नाही.

भाच्याचा प्रश्न पोरकट वाटला तरी पोरकट नाही. रिझर्व्ह बँकेच्या कायद्यानुसार देशातल्या एकूण नोटांच्या पाठीशी सोनं आणि परकीय रोखे मिळून किमान २०० कोटी रुपये असले की पुरे, आणि त्यात सोनं किमान ११५ कोटींचं. हा आकडा १९५७ पासून जागचा हललेला नाही. प्रत्यक्षात तिजोरी कितीतरी भरलेली आहे. मार्च २०२५ अखेर बँकेकडे ८७९ टन सोनं होतं. पण ते बँकेनं ठेवलं म्हणून आहे, कायद्यानं मागितलं म्हणून नव्हे. १९५६ पर्यंत गोष्ट वेगळी होती. तेव्हा नोटांच्या ४० टक्के सोनं आणि स्टर्लिंग रोखे ठेवावे लागत, म्हणजे नोटा वाढल्या की साठाही वाढवावा लागे. ही दोरी १९५६ आणि १९५७ अशा दोन दुरुस्त्यांत सोडली गेली. का सोडली, यावरच मामा-भाच्यांचं अर्धं कीर्तन चालतं.

"बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं," भाचा म्हणाला.

"आणि रिझर्व्ह बँक त्यांच्याच पुस्तकावरून झाली, हे सोयीस्कर विसरतोस," मामा.

इथे दोघांनाही जरा थांबवायला हवं. डॉ. आंबेडकरांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. विषय रोकडा होता. १८९३ पर्यंत कुणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावं आणि रुपये पाडून घ्यावेत अशी मुभा होती. ती मुभा सरकारनं बंद केली आणि रुपये किती पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर आलं. पुढे जी सुवर्ण-विनिमय पद्धत रुळली, तिची जॉन मेनार्ड केन्सनी १९१३ मध्ये वाखाणणी केली. आंबेडकरांनी नेमक्या त्याच पद्धतीवर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की नाणं सोन्यात बदलून देण्याच्या आश्वासनावर विसंबू नका. नाणं किती काढायचं याची मर्यादा कायद्यानं बांधा आणि ती सरकारच्याही हातात ठेवू नका. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. आयोगानं मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली, इथवर मामा बरोबर. पण आंबेडकरांची मर्यादेची मूळ सूचना काही त्या इमारतीत शिरली नाही. बँक त्यांच्या पुस्तकातून जन्मली असं भाषणांत सर्रास सांगितलं जातं. पुस्तक उघडणाऱ्याला तिथे बँकेला घातलेला लगाम जास्त ठळक दिसतो.

भाच्याचा दुसरा देव बी. आर. शेणॉय. हेही आंबेडकरांसारखे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचेच, मुक्त बाजारवादी अर्थतज्ज्ञ हायेकच्या विचारानं भारावलेले. १९५५ साली दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा तपासायला अर्थतज्ज्ञांचं मंडळ बसलं, अध्यक्ष अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख. योजनेचा सरकारी खर्च ४,८०० कोटींचा, त्यातले १,२०० कोटी तुटीच्या अर्थभरण्यातून, म्हणजे सरळ भाषेत नवा पैसा काढून. मंडळातल्या बाकी सगळ्यांनी मान डोलावली. एकट्या शेणॉयांनी भिन्नमतपत्रिका लिहिली. एवढा पैसा काढाल तर महागाई भडकेल, परकीय चलन आटेल आणि मग नियंत्रणांवर नियंत्रणं लादत बसावं लागेल, असा तिचा रोख होता. १९५७ मध्ये परकीय चलनाचा खडखडाट झाला. नोटांमागच्या साठ्याची अट सैल झाली ती १९५६ आणि १९५७ याच दोन वर्षांत, कारण तो साठाच यंत्रं आणि धान्य आणण्यात खर्ची पडत होता.

"आणि शुक्रवार सांगा ना," भाचा म्हणाला. त्याचा हा आवडता अभंग आहे.

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "सांग तूच."

तर शुक्रवारची गोष्ट अशी. १९५५ मध्ये केंद्र सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात एक व्यवस्था ठरली. बँकेत सरकारची शिल्लक शुक्रवारी ५० कोटींच्या आणि इतर दिवशी ४ कोटींच्या खाली जाऊ द्यायची नाही. गेली तर? तर सरकारनं तात्पुरती हुंडी लिहायची, 'ॲड हॉक ट्रेझरी बिल', आणि बँकेनं ती घेऊन खात्यात पैसे भरायचे. विचारणा नाही, वाटाघाट नाही, लिलाव तर नाहीच. नाव तात्पुरतं, कल्पनाही तात्पुरतीच होती. ती चालली ४२ वर्षं. १९७४ पासून त्यावर व्याज ४.६ टक्के, मग बाजारात दर कितीही चढोत. जुन्या हुंड्यांचे ढीग साचत आणि अधूनमधून दीर्घ मुदतीच्या रोख्यांत फिरवले जात. अर्थसंकल्पात तुटीचा आकडा छापलेला असे. वर्षअखेर तो कुठे पोचेल याला मात्र या व्यवस्थेत कुलूप नव्हतं.

"माझं पासबुक असं असतं तर!" भाचा म्हणाला. "सोसायटीचं कर्ज, खतवाल्याची उधारी, ठिबकसाठी आईच्या पाटल्या गहाण. शुक्रवारी शिल्लक घटली की बँकेनं आपसूक भरायची. मी कशाला कधी हिशेब मांडला असता?"

मराठी माणसाला चिंतामणराव आठवतात ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणारे म्हणून. दोन्ही आठवणी रास्त आहेत. शुक्रवारची ही सोय ते अर्थमंत्री असतानाची, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. त्यांच्यानंतर टी. टी. कृष्णम्माचारी आले. बँक म्हणजे आपल्या खात्याचाच एक भाग, असा त्यांचा खाक्या. नेहरूंनी मंत्र्यांची बाजू घेतली आणि जानेवारी १९५७ मध्ये गव्हर्नर बेनेगल रामा राव राजीनामा देऊन घरी गेले.

मामा इतका वेळ गप्प होते, पण हरलेले नव्हते. "तेव्हा देशात होतं काय रे? भिलाई नाही, राउरकेला नाही. कर कुणाकडून घेणार होतास, तुझ्या आजोबांकडून? पोलाद कारखाना उभा राहीपर्यंत पैसा आधी लागतो, माल नंतर येतो. आणि सरकारच्या हातून नोट काढून घ्यायची म्हणतोस, देणार कुणाला?"

"कुणालाच नाही. किंवा सगळ्यांना." भाच्यानं हायेकच्या १९७६ च्या पुस्तिकेचा हवाला दिला. बँकांनी आपापलं चलन काढावं, लोकांनी पारखून घ्यावं. ज्याचं मोल टिकेल ते चालेल, बाकीची आपोआप बाद होतील.

यावर मामा काही बोलण्याआधी मामीच बोलल्या. त्यांचं माहेर वैजापूरचं, म्हणजे जुन्या निजामी मुलखातलं. "आमच्याकडे हाली रुपया होता, इकडे येवल्याला कलदार. अण्णा बैल विकायला येवल्याच्या बाजारात यायचे. सात हाली म्हणजे सहा कलदार, हे झालं कागदावर. सराफ कधी त्या भावानं द्यायचा का? पारख कसली, त्यानं बट्टा कापला की अण्णा हात जोडून घरी."

या एका वाक्यानं हायेकच्या पुस्तिकेची जेवढी अडचण होते तेवढी कित्येक प्राध्यापकांनी केली नसेल. पेशवाईत पुण्याचा अंकुशी, चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी, असे कितीतरी रुपये एकाच वेळी फिरत होते आणि प्रत्येकाचा बट्टा वेगळा. नावाला बट्टा लागणं हा वाक्प्रचार उगाच रूढ झालेला नाही. स्पर्धा होती, पारख होती, निवडीचं स्वातंत्र्यही होतं. पण पारख ज्याला येई त्याचीच पेढी मोठी होई. शेतकरी दर व्यवहारात थोडा थोडा कापला जाई.

मामांना जोर चढला. "आणि १८६५ विसरलास? अमेरिकेत यादवी पेटली, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, मुंबईत पैशाचा पूर आला. बॅक बेच्या भरावाचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. युद्ध संपलं आणि पत्त्यांचा बंगला कोसळला. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळली. होती का तेव्हा रिझर्व्ह बँक गोंधळ घालायला? उलट, असती तर सावरलं असतं."

"रिझर्व्ह बँक नव्हती, पण सरकार होतं की," भाचा म्हणाला. "बँक ऑफ बॉम्बेत सरकारचे शेअर होते, संचालकांत सरकारनं नेमलेली माणसं होती. सरकारची बँक म्हणून तर लोकांनी डोळे झाकून पैसे ठेवले."

मामांना हे ठाऊक नव्हतं. ते काही क्षण टीपॉयवरच्या नोटेकडे पाहत राहिले. पण भाच्याचं उत्तर चपखल असलं तरी पुरेसं नाही. सरकारी भागभांडवल नसलेल्या कितीतरी कंपन्या आणि बँका त्याच वर्षी त्याच लाटेत बुडाल्या. मध्यवर्ती बँकच नको, या उपायाचं ताजं उदाहरणही पाहा. अर्जेंटिनाचे हावियर मिलेई डिसेंबर २०२३ मध्ये सत्तेवर आले ते मध्यवर्ती बँकच बंद करू असं म्हणत. तिथली महागाई त्या वर्षी २११ टक्के होती. खर्च कापून, बँकेकडून उचल थांबवून त्यांनी ती पुढच्या वर्षी ११८ टक्क्यांवर आणली. बँक मात्र अजून आहे, आणि डॉलर कमी पडले तेव्हा आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि अमेरिकी अर्थखात्याकडे हात पसरावे लागले. निदान अचूक निघालं म्हणून औषधही लागू पडतंच असं नाही, आणि भाच्याचं बऱ्याचदा असंच होतं.

१९९१ वर मात्र दोघांची गाठ समोरासमोर पडते, कारण तो उन्हाळा मामांनी स्वतः पाहिलाय. त्या जानेवारीत देशाकडे परकीय चलन उरलं होतं अवघं १.२ अब्ज डॉलर; काही आठवड्यांच्या आयातीचे पैसे. मे महिन्यात तस्करांकडून जप्त केलेलं २० टन सोनं स्वित्झर्लंडला गेलं. जुलैत रिझर्व्ह बँकेनं आपलं जवळपास ४७ टन सोनं मुंबईहून विमानांनी लंडनला धाडलं. बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडून त्यावर सुमारे ४० कोटी डॉलर मिळाले. त्याच महिन्याच्या १ आणि ३ तारखेला रुपयाचं दोन हप्त्यांत अवमूल्यन झालं.

"घरातली बाई पाटल्या काढून देते तसं झालं ते," मामा म्हणाले. "लाज वाटली आम्हाला. पण एक हप्ता चुकला नाही. वर्षाच्या आत सोनं सोडवलं. मध्यवर्ती बँक नसती तर गहाण काय ठेवलं असतं?"

"बँकेनं शुक्रवारी नाही म्हटलं असतं तर गहाण ठेवायची पाळी का आली असती? ऐंशीच्या दशकात तूट वाढत गेली, बँक हुंड्या घेत गेली. आखाती युद्धानं तेल भडकलं, ते शेवटची काडी. लाकडं आधीच रचलेली होती."

भाच्याचं हे म्हणणं नंतर दिल्लीलाही पटलं. सप्टेंबर १९९४ मध्ये अर्थमंत्री मनमोहन सिंग आणि गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या काळात करार झाला आणि १ एप्रिल १९९७ पासून शुक्रवारच्या हुंड्या थांबल्या. २००३ च्या वित्तीय जबाबदारी कायद्यानं एप्रिल २००६ पासून सरकारचे नवे रोखे थेट विकत घ्यायलाही बँकेला मज्जाव केला, आणीबाणीपुरती फट ठेवून. गंमत अशी, की शेणॉयांचं म्हणणं सरकारात उतरलं ते चलन खासगी करून नव्हे, तर मध्यवर्ती बँकेला 'नाही' म्हणायची सोय करून देऊन. भाच्याला हे फारसं आवडत नाही. मामांनाही नाही, कारण त्यात आधीची ४२ वर्षं चुकली हे कबूल करावं लागतं.

"नाही म्हणायची सोय!" भाचा उसळला. "२०१६ च्या नोव्हेंबरात काय झालं? सात तारखेला सरकारनं कळवलं, आठला संचालक मंडळानं होकार दिला, रात्री आठला नोटा रद्द. चलनातला ८६ टक्के पैसा. आठवड्यात जिल्हा सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायची बंदी. गावात दुसरी बँक कुठली? लाल कांदा बाजारात आणि व्यापाऱ्याकडे द्यायला पैसा नाही. शेवटी ९९ टक्क्यांहून जास्त नोटा परत आल्याच."

मामा यावर वाद घालत नाहीत. त्या महिन्यात निवृत्त माणसंही छापखान्याच्या फाटकाशी जाऊन आतल्यांची विचारपूस करत होती, एवढंच ते सांगतात.

मग विषय कांद्यावर आला, येणारच होता. २०१६ पासून कायद्यानं रिझर्व्ह बँकेला महागाई ४ टक्क्यांवर ठेवायचं लक्ष्य आहे, वरखाली २ टक्के मोकळीक. २०१२ च्या पायावरच्या निर्देशांकात खाद्यपदार्थांचं वजन जवळजवळ ४६ टक्के होतं. २०२२ मध्ये सलग तीन तिमाह्या महागाई ६ टक्क्यांच्या वर राहिली, तेव्हा बँकेला सरकारला कारणं देणारं पत्र लिहावं लागलं. पत्र लिहिलं गेलं, जाहीर झालं नाही.

"पत्र त्यांनी एकमेकांना लिहिलं," भाचा म्हणाला, "आणि ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी माझ्या चाळीवर आली. मे उजाडेपर्यंत उठली नाही. खर्च दिल्लीनं करायचा, पैसा मुंबईनं सांभाळायचा, आणि आकडा चार टक्क्यांत बसवायला कांदा नाशिकचा दाबायचा. आमच्या संघटनेचे शरद जोशी उगाच म्हणत नव्हते, सरकार हीच अडचण आहे म्हणून."

या तक्रारीत तथ्य आहे, पण ती सगळी बँकेच्या दारात टाकता येत नाही. व्याजदर वाढवून पाऊस पडत नाही हे बँकेलाही कळतं. निर्यातीचा हुकूम तिचा नसतोच. आणि ज्या घराच्या मिळकतीतला निम्मा पैसा पोटात जातो तिथे कांद्याचा भाव दुप्पट झाला तर काय होतं, हे मामांनी सांगितलं नाही तरी मामींना माहीत आहे.

मामा उठून आत गेले. येताना त्यांच्या हातात पत्र्याची पेटी होती. "सरकारी खर्च, सरकारी खर्च करतोस. बहात्तरचा दुष्काळ तू पाहिला नाहीस. मी वीस वर्षांचा. छापखान्यात लागायच्या आधी चार महिने रस्त्यावर खडी फोडलीय. सुकडी खाल्लीय, लाल मिलोची भाकरी खाल्लीय. सरकारनं कामं काढली नसती तर हे घरच नसतं. त्याच कामांतून पुढे रोजगार हमी आली. सांग तुझ्या हायेकला."

भाच्यानं लगेच तोंड उघडलं नाही. मग म्हणाला, "रोजगार हमीचा पैसा कुठून आला मामा?"

"कुठून म्हणजे?"

"नोटा छापून नाही. १९७५ साली राज्यानं व्यवसाय कर लावला, खास त्याच्यासाठी. राज्याला नोटा छापता येत नाहीत ना. शहरातल्या पगारदारांच्या पगारातून कापून खेड्यातल्यांना मजुरी. तुमच्याही कापला असणार."

पेटीत पगाराच्या चिठ्ठ्या वर्षावार बांधून ठेवलेल्या होत्या. मामांनी सगळ्यात वरचा गठ्ठा सोडला. फेब्रुवारी २०१२. कपातीच्या रकान्यात व्यवसाय कर, तीनशे रुपये. त्याखालची जानेवारीची चिठ्ठी, दोनशे.

"हे बघा," भाचा चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाला. "किती घेतले, कधी घेतले, कशाला घेतले. दिसतंय. माझं भांडण खर्चाशी नाहीच. जो कर या रकान्यात दिसत नाही त्याच्याशी आहे."

मामा चिठ्ठी उलटसुलट करत राहिले. खर्चाशीच भांडण असल्यासारखा भाचा तासभर बोलत होता, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

"फेब्रुवारीत शंभर जास्त का?" मामींनी विचारलं.

"अकरा महिने दोनशे आणि एकदा तीनशे. वर्षाचे अडीच हजार," मामा म्हणाले. "त्याच्या वर घेताच येत नाही. संविधानाचं कलम २७६. मर्यादा लिहूनच ठेवलीय."

"बघा! नोटेला नाही लिहिली, या कराला लिहिली."

"लिहिली होती अडीचशे," मामा सावकाश म्हणाले. "१९८८ मध्ये घटनादुरुस्ती करून अडीच हजार करावी लागली."

"आणि ती का करावी लागली?"

मामांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुन्हा सुतळीनं बांधला, पेटीत ठेवला. टीपॉयवरची शंभराची नोट तशीच होती. मामींनी ती उचलून भाच्याच्या हातात दिली आणि कोपऱ्यावरून अर्धा लिटर दूध आणायला सांगितलं. सुटे परत आण म्हणाल्या.